शेततळ्यात मासे सोडले, आता खाद्य टाकणारं ऑटोमॅटिक मशीन घ्यायचं का? घ्यायचं तर कोणतं?

बांधावर एक निळा डबा उभा आहे. वर छोटं सोलर पॅनल. ठरल्या वेळेला खालची चकती गरकन फिरते, गोळ्यांचा पाऊस पडतो आणि पाण्यात माशांची झुंबड उडते. खाली कमेंट, "दादा, किंमत सांगा."

असे व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर येऊन गेले असतील. किंमत प्रत्येक जण विचारतो. पण आपल्या तळ्याला हे मशीन लागतं का, आणि लागत असेल तर कोणतं, हे फार कमी जण विचारतात. खरा पैसा तिथंच वाचतो किंवा बुडतो.

२०१६ साली राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि दुष्काळी पट्ट्यात गावोगावी शेततळी झाली. मूळ उद्देश फळबागा आणि पिकांसाठी पाणी साठवायचा. पण पाणी आहेच तर मासेही सोडू, असं म्हणत कित्येकांनी कटला, रोहू, मृगळ, पंगस, तिलापिया सोडले. मासे वाढायला लागले तसा रोजच्या खाद्याचा प्रश्न आला. तळं रानात, घर गावात आणि मासा दिवसातून तीन-चार वेळा खायला मागतो. मशीनचा विचार सुरू होतो तो इथून.

आधी खाद्याचं गणित

खाद्य टाकून केलेल्या मत्स्यशेतीत निम्म्याहून जास्त खर्च एकट्या खाद्यावर होतो. म्हणून मासेवाले एकच आकडा धरून बसतात, एफसीआर. एक किलो मासा वाढायला किती किलो खाद्य लागलं, तो हा आकडा. दीड किलो लागलं तर एफसीआर १.५.

समजा तुमच्या तळ्यातून ३ टन पंगस निघणार आहे. एफसीआर १.५ असेल तर खाद्य लागेल ४,५०० किलो. तोच १.८ वर गेला तर ५,४०० किलो. फरक ९०० किलोचा. हिशोबासाठी किलोला ५० रुपये धरले तर ४५,००० रुपये पाण्यात गेले. मासा तेवढाच, तळं तेच, फक्त खाद्य वाया गेलं.

नुकसान पैशावर थांबत नाही. न खाल्लेलं खाद्य तळाशी बसतं, कुजतं आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. खाल्लेल्या खाद्यातलंही सगळं माशाच्या अंगी लागत नाही. २८ टक्के प्रथिनं असलेल्या एक किलो खाद्यात साधारण ४५ ग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा मासा ठेवून घेतो, उरलेला बराचसा अमोनियाच्या रूपात पाण्यात जातो. कागद अंथरलेल्या शेततळ्यात तर हे शोषून घ्यायला खाली मातीही नसते.

म्हणून जास्त खाद्य टाकलेल्या तळ्यात एखाद्या ढगाळ दिवसानंतर पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. वेळेत एरेटर किंवा ताजं पाणी मिळालं नाही तर उजाडेपर्यंत तळं पांढरं पडतं आणि सहा-आठ महिन्यांची मेहनत एका रात्रीत जाते.

आता मुद्दा असा, की माणूस तळ्यावर जातो तेव्हा खाद्य टाकता टाकता मासे बघतो. आज मासे आले नाहीत, हे त्याला कळतं आणि त्याचा हात आखडतो. साधं मशीन मासे बघत नाही. सांगितलं तेवढं टाकून ते मोकळं होतं. मशीन निवडताना ही एक गोष्ट कायम डोक्यात ठेवा.

मशीनची गरज नेमकी कुणाला?

३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं धरू. पाण्याचा पसारा साधारण ९ गुंठे. बाजू उतरत्या असल्यामुळे काठोकाठ भरल्यावर पाणी होतं सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर.

पहिलं उदाहरण. यात कटला, रोहू, मृगळ मिळून ८०० मासे आहेत, सरासरी वजन अर्धा किलो. एकूण वजन ४०० किलो. मोठ्या माशाला रोज वजनाच्या साधारण २ टक्के खाद्य धरलं तर होतात ८ किलो. सकाळी चार, दुपारी चार. हे काम घमेल्याने दहा-पंधरा मिनिटांत होतं. माणूस जवळ राहत असेल तर इथं मशीनची गरज नाही. तेच पैसे एरेटरला लावा, जास्त कामी येतील.

दुसरं उदाहरण. त्याच तळ्यात ३,००० पंगस, सरासरी अर्धा किलो. वजन १,५०० किलो, म्हणजे रोजचं खाद्य ३० किलो. ते चार वेळा विभागून द्यायचं, म्हणजे एका वेळी साडेसात किलो. तळं घरापासून दोन-तीन किलोमीटरवर आणि मजुरावर अवलंबून राहणं आलं. इथं मशीन कामाचं आहे.

तिसरं उदाहरण गावतळ्याचं किंवा धरणाचं. मोकळ्या जलाशयात मासा नैसर्गिक अन्नावर वाढतो, तिथं बाहेरून खाद्य टाकायचं कारण नसतं. पिण्याचं पाणी उचललं जात असेल तर टाकूच नये. जलाशयात मशीन लागतं ते पिंजऱ्यातल्या मत्स्यपालनाला. पण तिथंही एक गोम आहे. आपल्याकडे ६ बाय ४ मीटरचे पिंजरे सर्रास वापरतात आणि तळ्यासाठी बनवलेली मशीन्स आठ-दहा मीटर लांब फेकतात. म्हणजे निम्मं खाद्य पिंजऱ्याबाहेर पडणार. पिंजऱ्याला कमी अंतरावर टाकणारं मशीन लागतं.

मशीन बघण्याआधी खाद्य ठरवा

भरपूर लोक इथंच फसतात. भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड कालवून टाकत असाल तर बाजारातली बहुतेक मशीन्स तुमच्या उपयोगाची नाहीत. पीठासारखं किंवा ओलसर खाद्य डब्यात चिकटतं, मध्ये पोकळी धरतं आणि खाली सरकतच नाही. वरून डबा भरलेला दिसतो आणि खाली मासे उपाशी असतात.

मशीनला लागते कोरडी, एकसारखी गोळी. त्यातही तरंगणारी असेल तर उत्तम, कारण किती खाल्लं आणि किती उरलं हे डोळ्यांना दिसतं. बुडणारी गोळी मशीनने टाकली तर वाया किती जातंय, याचा पत्ताच लागत नाही. फक्त मृगळ तळाशी खाणारा मासा आहे, तो तळ्यात जास्त असेल तर निव्वळ तरंगत्या खाद्यावर भागत नाही, हे लक्षात घ्या.

कोंडा-पेंडच वापरायची असेल तर आंध्रातले कार्प पाळणारे शेतकरी काय करतात ते बघा. ते गोणीला खालून भोकं पाडतात, आत कोंड्याचं मिश्रण भरतात आणि पाण्यात रोवलेल्या बांबूला गोणी बांधतात. मासे येतात, भोकांना तोंड लावून हवं तेवढं खातात. गोणी किती वेळात रिकामी झाली त्यावरून उद्याचं खाद्य ठरतं. वीज नाही, मोटार नाही, खर्च जवळपास शून्य.

बाजारात प्रकार किती?

दांडीवालं मशीन. शंकूसारखा डबा, खाली पाण्यात लोंबणारी दांडी. माशाने दांडीला धक्का दिला की थोडं खाद्य पडतं. मासे हे काही दिवसांत शिकतात. वीज लागत नाही आणि भूक असेल तेव्हाच खाद्य पडतं. तोटा हा, की जोराच्या वाऱ्यात आणि लाटेत दांडी आपोआप हलते आणि दांडगे मासे जागा अडवून बसतात. तिलापियासाठी हा प्रकार चांगला चालतो.

टायमर आणि चकतीवालं मशीन. व्हिडिओत दिसतं ते हेच. टायमरवर मोटार सुरू होते, चकती फिरते आणि खाद्य अर्धगोलात फेकलं जातं. १२ व्होल्टच्या बॅटरीवर, सोलरवर किंवा विजेवर चालतं. शेततळ्यासाठी बहुतेकांनी हाच प्रकार बघावा.

हवेच्या झोताचं मशीन. ब्लोअरने खाद्य लांबवर फेकतं. एकरभराच्या पुढच्या तलावांना बरं. वीज जास्त खातं. ९ गुंठ्याच्या तळ्यात खाद्य पलीकडच्या बांधावर जाऊन पडेल.

पट्ट्यावर सरकणारं मशीन. पट्ट्यावर खाद्य पसरून ठेवायचं, तो घड्याळाच्या चावीसारखा हळूहळू सरकतो. हे बीज केंद्रातल्या लहान पिलांसाठी. तळ्याला कामाचं नाही.

सेन्सरवालं मशीन. पाण्यातला माईक कोळंबीच्या खाण्याचा आवाज ऐकतो आणि त्याप्रमाणे खाद्य कमी-जास्त करतो. कोळंबीच्या मोठ्या तलावांत हे वापरतात. एका शेततळ्यासाठी एवढा खर्च परवडणार नाही.

घेताना काय तपासायचं?

१. डबा किती मोठा? रोजचं खाद्य गुणिले दोन, फार तर तीन दिवस. ३० किलो रोज लागत असेल तर ६० ते ९० किलोचा डबा पुरे. आठवड्याचं भरून मोकळं होऊ, हा मोह टाळा. पावसाळ्यात डब्यातल्या खाद्याला दमट हवा लागली की बुरशी धरते आणि बुरशीचं खाद्य माशाला घातक असतं. शिवाय डबा भरायला का होईना, दोन दिवसांनी तळ्यावर चक्कर होते.

२. फेक किती? फेक कमी-जास्त करता आली पाहिजे. फार जवळ पडलं तर मोठे मासे गर्दी करून सगळं खातात, लहान उपाशी राहतात आणि काढणीला माल एकसारखा निघत नाही. फार लांब गेलं तर खाद्य उताराच्या कागदावर पडतं.

३. वीज कुठली? शेतीच्या फिडरवर काही दिवस वीज दिवसा असते, काही दिवस रात्री. विजेवरचं मशीन घेतलं आणि त्याचा टायमर वीज गेल्यावर बंद पडत असेल, तर वीज आल्यावर घड्याळ मागे पडलेलं असतं. सकाळी ९ चं खाद्य संध्याकाळी ६ ला पडतं. म्हणून आत स्वतःची बॅटरी असलेला, वेळ लक्षात ठेवणारा डिजिटल टायमर हवा.

सोलर घेणार असाल तर एक सोपा हिशोब करा. मोटार १२ व्होल्ट, ४ अँपिअरची, म्हणजे ४८ वॅट. चारही वेळा मिळून दिवसाला १० मिनिटं चालली तर वीज लागते ८ वॅट-तास. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ८४ वॅट-तास असतात. त्यातले निम्मे वापरायचे धरले तरी ऊन नसताना पाच दिवस निघतात. विक्रेत्याला मोटारीचे अँपिअर आणि बॅटरीचे अँपिअर-तास विचारा आणि हा गुणाकार दुकानातच करा.

४. गोळी फुटते का? दुकानात तुमच्या स्वतःच्या गोणीतलं दोन-तीन किलो खाद्य टाकून मशीन चालवून बघा. खाली ताडपत्री अंथरा. भुकटी जास्त पडत असेल तर ते मशीन नको. भुकटी मासा खात नाही, ती पाणीच खराब करते. १ मिलिमीटरची बारीक गोळी आणि ४ मिलिमीटरची मोठी गोळी दोन्ही चालतात का, तेही बघा. मासा वाढतो तशी गोळी बदलते.

५. अंग कशाचं? जाड प्लास्टिक किंवा न गंजणारं स्टील. साधा पत्रा दोन पावसाळ्यांत गंजतो. झाकण घट्ट बसणारं आणि कुलूप लागणारं हवं. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून वायर पाइपातून नेलेली असावी. मुंग्यांसाठी पायांना जुनं ऑइल लावायचं, पण ते पाण्यात उतरणार नाही एवढी काळजी घ्यायची.

६. बिघडलं तर? मोटार आणि टायमर वेगळे मिळतात का, तालुक्याला कुणी दुरुस्त करतं का? ऑनलाइन स्वस्तात मागवलेल्या मशीनची मोटार ऐन वाढीच्या महिन्यात जळाली आणि सुटा भाग मिळाला नाही, तर डबा धान्य ठेवायला उरतो.

बसवायचं कुठं?

वाऱ्याकडे पाठ करून. म्हणजे वारा मशीनकडून पाण्याकडे गेला पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून मशीन पश्चिमेच्या बांधावर ठेवलं तर खाद्य तळ्यात पसरत जातं. उलट बाजूला ठेवलं तर तरंगतं खाद्य परत काठाला येऊन लागतं.

एरेटरच्या थेट प्रवाहात मशीन नको, खाद्य एका कोपऱ्यात गोळा होतं. पीव्हीसी पाइपची मोठी चौकट पाण्यावर तरंगत ठेवली तर खाद्य त्यातच राहतं आणि किती उरलं हे बांधावरूनच दिसतं.

टायमर लावताना

पहिल्या दिवशी वजनकाटा घेऊन बसा. मशीन १० सेकंद चालवा, खाली घमेलं धरा, पडलेलं खाद्य मोजा. १० सेकंदांत ५०० ग्रॅम पडत असेल तर साडेसात किलोला १५० सेकंद. गोळीचा आकार किंवा कंपनी बदलली की पुन्हा मोजायचं, कारण तेवढ्याच सेकंदांत वेगळं वजन पडतं. हे पाच मिनिटांचं काम न केल्यामुळे महिनाभर सव्वापट खाद्य पडत राहतं आणि दोष बीजाला दिला जातो.

वेळ कोणती? पाण्यातला ऑक्सिजन सूर्योदयाच्या आधी सगळ्यात कमी आणि दुपारी सगळ्यात जास्त असतो. म्हणून पहिलं खाद्य ऊन वर आल्यावर, ८-९ नंतर. शेवटचं ४-५ च्या आत. रात्री मशीन बंद.

दर पंधरा दिवसांनी फेकजाळं टाकून २०-३० मासे मोजा, सरासरी वजन काढा आणि सेकंद नव्याने ठरवा. लहान बोटुकलीला वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त खाद्य लागतं, मोठ्या माशाला २ टक्क्यांच्या आसपास. टक्का उतरत जातो, वजन चढत जातं. एकदा लावलेला टायमर सहा महिने तसाच ठेवला तर सुरुवातीला खाद्य जास्त पडतं आणि नंतर कमी.

आणि हे चार दिवस मशीनच्या भरवशावर सोडू नका:

- सलग ढगाळ वातावरण असेल तर खाद्य निम्म्यावर आणा.
- पहाटे मासे वर आलेले दिसले तर त्या दिवशी खाद्य बंद आणि एरेटर चालू.
- थंडीत पाणी २० अंशांच्या खाली गेलं की कार्प मासे खाणं कमी करतात आणि पंगस तर फारच मंदावतो. निफाडसारख्या भागात डिसेंबर-जानेवारीत हे हमखास होतं.
- १५-२० मिनिटांनंतरही खाद्य तरंगत दिसलं तर पुढच्या वेळचं कमी करा.

अनुदान मिळतं का?

केंद्राची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० पासून सुरू आहे. त्यात मंजूर घटकांना सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांसाठी ६० टक्के अर्थसहाय्य असतं. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा द्यायचा निर्णयही घेतला. किसान क्रेडिट कार्ड मत्स्यपालकांनाही काढता येतं. पण मशीन घेऊन मग कागदपत्रं करू, असं करू नका. अनुदान घटकाला असतं आणि पूर्वमंजुरीनंतर असतं. आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहाय्यक आयुक्त कार्यालयात जाऊन, तुमच्या प्रकल्पात हे मशीन बसतं का, ते विचारा.

मग शेवटी घ्यायचं का?

तीन आकडे कागदावर मांडा. रोज किती किलो खाद्य टाकता? सध्याचा एफसीआर किती? खाद्य टाकायला वर्षाला मजुरी किती जाते? एफसीआर माहीत नसेल तर आधी एक हंगाम वही ठेवा. किती गोण्या टाकल्या आणि किती किलो मासा निघाला, बस्स. यातून वर्षाला वाचणारी रक्कम निघेल. मशीनची किंमत दोन हंगामांत वसूल होत असेल तर घ्या. पाच वर्षं लागत असतील तर घमेलं बरं.

हाताने नीट, बघून, विभागून खाद्य टाकणाऱ्याचा एफसीआर आधीच चांगला असतो. त्याला मशीनने वेळ मिळेल, खाद्यात फार बचत होणार नाही. मशीनचा खरा फायदा त्याला, जो आज सकाळी एकदाच येऊन अख्खी गोणी ओतून जातो.

आणि मशीन घेतलंच, तर दिवसातून एकदा, खाद्य पडायच्या वेळेला, बांधावर जाऊन उभं राहायचं. मासे धावून आले तर सगळं ठीक आहे. आले नाहीत, तर स्विच बंद करून आधी पाणी बघायचं.